गंजात गंज कुठे आहे?

पोस्ट लांब आहे. पण बाजारात भाजी घेता, की कॉलेजच्या फाटकासमोर चहा पिता, तर पाच मिनिटं द्या.

चंद्रपुरात गंज वॉर्ड आहे. ऑटोवाल्याला सांगतो, पार्सलवर लिहितो, मतदार यादीत वाचतो. पण "गंज" म्हणजे काय, असं कॉलेजच्या पोरांना विचारलं तर दोन उत्तरं येतात. एक म्हणजे लोखंडाला चढतो तो. दुसरं म्हणजे आईच्या स्वयंपाकघरातलं भांडं, भाताचा गंज. तिसरं उत्तर क्वचितच कोणी देतं. गंज म्हणजे धान्याचा बाजार. शब्द फारसी आहे, मूळ अर्थ खजिना, कोठार. त्यावरून धान्याचं कोठार आणि मग धान्याची पेठ. नागपुरात इतवारी, बुधवारी ही नावं बाजाराच्या वारावरून पडली, तसं आपल्याकडे मालावरून नाव पडलं.

आज गंज वॉर्ड म्हटलं की दोन गोष्टी आठवतात. एक, सरदार पटेल महाविद्यालय. दुसरी, भाजीबाजार. ज्याच्यामुळे नाव पडलं तो धान्याचा गंज मात्र आठवणीतूनही गेला. कॉलेजचा इतिहास कोणालाही सांगता येतो. १९७० साली सर्वोदय शिक्षण मंडळाने ते सुरू केलं, शांताराम पोटदुखे यांनी उभं केलं. आधी नागपूर विद्यापीठाकडे होतं, २०११ मध्ये गोंडवाना विद्यापीठ झालं तेव्हा गडचिरोलीकडे आलं. तारीख आहे, फलक आहे, फोटो आहेत. बाजाराचं काय आहे? एक नाव आहे, बस.

माझं म्हणणं एवढंच आहे की बाजाराचा इतिहास लिहून ठेवणं ही हौस नाही. तो त्या बाजारात बसणाऱ्या माणसांचा सातबारा आहे. कसा, ते पुढे सांगतो. आधी थोडा मागचा हिशेब.

चांदा हे परकोटाचं गाव. जटपुरा, अंचलेश्वर, बिनबा, पठाणपुरा हे चार दरवाजे आणि पाच खिडक्या. गोंड राजांनी बांधलेल्या या भिंतीच्या आत-बाहेर जो व्यापार चालायचा तो बंडीवरचा होता. पूर्वेकडून, म्हणजे मूल, सिंदेवाही, नागभीड, ब्रह्मपुरीकडून धान. पश्चिमेकडून, वरोरा-भद्रावतीच्या काळ्या जमिनीतून ज्वारी, तूर, जवस, कापूस. जंगलातून मोहफूल, चारोळी, डिंक, लाख. झाडीपट्टी आणि वऱ्हाडपट्टी जिथे एकमेकींना भेटतात, तिथे हे शहर आहे. अशा जागी गंज होणारच होता.

रेल्वे आधी वरोऱ्यापर्यंत आली, तीही माणसांसाठी नाही, कोळशासाठी. १८७७ मध्ये ती सुरू झाली तेव्हा चांद्याचा माल बंडीने वरोऱ्याला न्यावा लागे. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रूळ चांदा-बल्लारशापर्यंत पोचले. पाठोपाठ गोंदिया-नागभीड-चांदा फोर्ट ही छोटी गाडी आली आणि धानाच्या मुलखातून पोती थेट शहरात उतरू लागली. १९२९ च्या सुमारास बल्लारशा-काजीपेठ जोडलं गेलं, तेव्हा दिल्ली-मद्रास सरळ रस्ता झाला. छोटी गाडी नव्वदच्या दशकाअखेर मोठी झाली. "चांदा फोर्ट" हे नाव मात्र स्टेशनच्या पाटीवर राहिलं. बघा, रेल्वेने जुनं नाव जपलं, म्हणून आजच्या पोरांनाही माहीत आहे की या शहराला चांदा म्हणत.

गंजाचा कारभार कसा असायचा, हे ज्यांनी कुठलाही जुना गंज पाहिला त्यांना सांगायला नको. पहाटे बंड्या लागायच्या. अडत्या, मापारी, हमाल अशी उतरंड. माप पायली, कुडव आणि खंडीचं. मेट्रिक वजनांचा कायदा १९५६ चा, अंमल १९५८ पासून टप्प्याटप्प्याने. पण गावातल्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडून "एवढे कुडो धान झाले" हे अजून ऐकू येतं. शेतकरी धान विकायचा आणि त्याच पैशाने तिथेच मीठ, गूळ, मिरची, लुगडं, वखराची पास घेऊन परत जायचा. म्हणजे तो त्या काळचा शॉपिंग सेंटरच होता. फरक एवढाच की छताखाली नव्हता आणि माणूस तिथे नुसता घ्यायला जात नव्हता, विकायलाही जात होता. आजच्या मॉलमध्ये आपण फक्त घेणारे असतो.

मग गंज गेला कुठे? कोणी पाडला नाही. कायद्याने हलला. शेतमालाचा बाजार नियमात आणायची सुरुवात आपल्या विदर्भातच झाली. वऱ्हाडात १८९७ साली कापूस आणि धान्य बाजाराचा कायदा झाला, तो देशातल्या पहिल्या अशा कायद्यांपैकी. मध्य प्रांताचा कायदा १९३५ चा. महाराष्ट्राचा बाजार समिती कायदा १९६३ चा, लागू १९६७ पासून. हेतू चांगला होता. मापात मारू नये, भाव उघड बोलीने व्हावा, अडत किती घ्यायची ते ठरलेलं असावं. पण त्याचबरोबर ठोक धान्याचा व्यवहार बाजार समितीच्या आवारात गेला आणि गावोगावचे जुने गंज नावापुरते उरले. शेतकऱ्याचं त्यात भलं झालं की नाही, हा वेगळ्या पोस्टचा विषय. मुद्दा असा की बाजार हलला तेव्हा अडत्यांना नव्या आवारात गाळे मिळाले, हमालांना परवाने मिळाले. का मिळाले? कारण त्यांची नोंद होती. ज्यांची नोंद नव्हती, म्हणजे दाणे पाखडणाऱ्या, सांडलेलं वेचणाऱ्या, टोपलीत किलो-दोन किलो घेऊन बसणाऱ्या बाया, त्या कुठे गेल्या हे कोणत्याच कागदावर नाही.

१८६९ चा लुसी स्मिथचा जमाबंदी अहवाल आहे. १९०९ चं इंग्रजी गॅझेटियर आहे. १९७३ चं महाराष्ट्र शासनाचं चंद्रपूर जिल्हा गॅझेटियर आहे. या सगळ्यांत जिल्ह्याच्या पिकांचा, रस्त्यांचा, व्यापाराचा तपशील आहे. पण बाजारात बसणारी बाई नावानिशी कुठेच नाही.

आता आजचं बोलू.

गंज वॉर्डातला भाजीबाजार म्हणजे त्या जुन्या झाडाच्या बुंध्याला फुटलेला कोंब. मी नव्वदच्या दशकाच्या शेवटी बाहेरगावाहून इथे शिकायला आलो. खोली करून राहणारी आम्ही चार पोरं. खिशात पैसे मोजके. संध्याकाळी दिवे लागल्यावर बाजारात जायचं, कारण तेव्हा मावशी उरलेली वांगी ढिगाने द्यायच्या. पावसाळ्यात वास्ते, सात्या, तरोट्याची भाजी, कुड्याची फुलं यायची. ही भाजी कोणत्या कंपनीच्या शेल्फवर मिळत नाही, कारण ती लावत नाहीत, जंगलातून आणतात. आणि आणणारी बाई पहिल्या बसने येते आणि शेवटच्या बसने जाते. कॉलेजच्या शेजारी बाजार असणं म्हणजे काय, ते होस्टेलच्या पोराला विचारा, प्राध्यापकांना नका विचारू.

दर दोन-चार वर्षांनी शहरात एक सूर निघतो: बाजारामुळे ट्रॅफिक होते, घाण होते, हलवा. हा सूर खोटा नाही. पहाटेचे ट्रक, सडलेल्या पानांचा ढीग, मोकाट जनावरं, शाळा-कॉलेजच्या वेळेला कोंडी, हे सगळं खरं आहे. त्या वॉर्डात राहणाऱ्या माणसाने तक्रार केली तर मी त्याच्या बाजूचा आहे. ठोक बाजाराचे ट्रक गावाबाहेर जावेत, माझी हरकत नाही. २०१६ मध्ये राज्याने फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा केला. त्यामुळे ठोक माल अमुक एका आवारातच उतरला पाहिजे, असं बंधन तसंही राहिलेलं नाही. पण ट्रक आणि टोपली यांना एकाच वाक्यात हलवू नका. ट्रक पाच किलोमीटर गेला तर डिझेल जास्त लागतं. टोपली पाच किलोमीटर गेली तर गिऱ्हाईकच तुटतं.

आणि इथेच कायदा येतो. पथविक्रेत्यांसाठी २०१४ चा केंद्राचा कायदा आहे. त्यातल्या चार गोष्टी प्रत्येकाने पाठ कराव्या.

पहिली, सगळ्या विक्रेत्यांचं सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्र मिळेपर्यंत कोणालाही उठवता येत नाही. सर्वेक्षण किमान पाच वर्षांतून एकदा करायचं.

दुसरी, नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनीच निवडून दिलेले हवेत आणि त्यातल्या एक तृतीयांश बाया हव्यात.

तिसरी, शहराच्या लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेते सामावून घ्यायचे. २०११ च्या जनगणनेत चंद्रपूर ३ लाख २० हजारांचं होतं. अडीच टक्के म्हणजे आठ हजार माणसं. आठ हजार घरं.

चौथी गोष्ट कायद्याच्या शेवटी, दुसऱ्या अनुसूचीत लपलेली आहे, आणि माझ्या मते तीच सगळ्यांत मोठी. जिथे पथविक्रेते पन्नास वर्षांपेक्षा जास्त काळ धंदा करत आहेत, अशा नैसर्गिक बाजाराला वारसा बाजार म्हणून जाहीर करायचं आणि तिथल्या विक्रेत्यांना हलवायचं नाही.

परत वाचा. पन्नास वर्षं.

मॉलला हे संरक्षण नाही. गाळ्यांच्या कॉम्प्लेक्सला नाही. रस्त्यावर फारी टाकून बसणाऱ्या बाईला आहे. पण ते आपोआप लागत नाही. समितीने तो बाजार नैसर्गिक बाजार म्हणून शिफारस करावा लागतो, योजनेत घ्यावा लागतो, आणि पन्नास वर्षं झाली हे कोणीतरी दाखवून द्यावं लागतं. कशाने दाखवणार? "गंज" या दोन अक्षरांनी?

पुण्याची मंडई बघा. १८८६ ला रे मार्केट म्हणून बांधली, १९३८ ला महात्मा फुले मंडई नाव झालं. मुंबईचं क्रॉफर्ड मार्केट १८६९ चं. या दोन्हींचा इतिहास शाळेतल्या पोराला सापडतो, म्हणून त्यांना हात लावायचा तर हजार लोक विचारतात. मुंबईत काळा घोड्याला तर आणखी मजा आहे. एल्फिन्स्टन कॉलेज, त्याला लागून डेव्हिड ससून ग्रंथालय, त्याला लागून आर्मी अँड नेव्ही बिल्डिंग. ही शेवटची इमारत म्हणजे साहेब लोकांचं दुकान. १८९१ ला मुंबईत सुरू झालं. लंडनच्या फौजी अधिकाऱ्यांची सहकारी संस्था होती ती, चहाच्या किटलीपासून तंबूपर्यंत सगळं विकायची. साहेब गेले, ते दुकान गेलं. इमारत अजून त्याच नावाने उभी आहे. मुंबईला १९९५ पासून वारसा नियमावली आहे, त्यामुळे तो सगळा भाग कागदावर आहे. आणि शेजारच्या एल्फिन्स्टन कॉलेजच्याच इमारतीत राज्याचं पुराभिलेखागार आहे. कॉलेज, दुकान आणि दप्तर एका रांगेत. साहेबाच्या किटलीचा इतिहास जपला गेला. आपल्या धानाच्या पायलीचा नाही.

कोणी म्हणेल, इमारत असेल तर इतिहास राहील, रस्त्यावरच्या बाजाराचा पुरावा कुठून आणायचा?

हे चंद्रपूर-गडचिरोलीच्या माणसाने विचारू नये. पुरावा नसलेल्या गोष्टीचा पुरावा कसा उभा करायचा, हे आपल्या इथल्या लोकांनी केव्हाच करून दाखवलं आहे. २००६ चा वनहक्क कायदा आठवा. पिढ्यानपिढ्या जंगलावर जगणाऱ्या माणसाकडे कागद नव्हता. मग नियमांतच लिहिलं गेलं की गावातल्या ज्येष्ठांचा जबाब लेखी घेतला तर तोही पुरावा. म्हाताऱ्या माणसांनी सांगितलं: ही आमची स्मशानभूमी, हा देव, हा पाणवठा, इथून आम्ही मोह वेचतो. पोरांनी लिहून घेतलं, नकाशा काढला, ग्रामसभेने ठराव केला. धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) घ्या. अभ्यासगट बसवून, गोष्टी मांडून, कागद जमवून २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळवला. तिथे कोणी पीएचडी नव्हते. तिथे ऐकणारी माणसं होती.

आणि बाजाराचंच म्हणाल तर पेसा कायदा १९९६ चा आहे. अनुसूचित क्षेत्रात गावबाजाराचं व्यवस्थापन हा ग्रामसभा आणि पंचायतीकडे द्यायचा अधिकार, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. म्हणजे भामरागड-एटापल्लीच्या आठवडी बाजाराबद्दल गावाला विचारावं लागतं, असं कायदा म्हणतो. मग जिल्ह्याच्या ठिकाणी, महानगरपालिकेच्या शहरात, बाजाराबद्दल बाजाराला विचारायला काय हरकत आहे?

जंगलासाठी जे केलं तेच बाजारासाठी करता येतं. काम फार मोठं नाही.

बाजारात बसणाऱ्या सत्तरीच्या पुढच्या बायका-पुरुषांचे जबाब. किती सालापासून बसता, आधी तुमची सासू बसायची का, कुठल्या गावाहून येता, कोणत्या कोपऱ्यात बसता, बाजार चिठ्ठी किती पैशांची फाटायची. जुन्या चिठ्ठ्या, ज्या कोणाच्या तरी पेटीत नक्की आहेत. घरातले फोटो, ज्यांत मागे बाजार दिसतो. नगरपालिकेच्या काळातले ठराव. नागपूरच्या अभिलेखागारात चांदा जिल्ह्याची जुनी कागदपत्रं आहेत, तिथे दोन चकरा. आणि एक हाताने काढलेला नकाशा, कोण कुठे बसतं त्याचा.

हे काम करायला सगळ्यांत योग्य कोण? पलीकडे बसलेलं कॉलेज. एकच कॉलेज नाही, शहरातली सगळीच. नव्या शैक्षणिक धोरणात पदवीला फील्ड प्रोजेक्ट आणि समाजाशी जोडलेल्या कामाला क्रेडिट आहेत. बरेचदा ती क्रेडिट कशी मिळवतात हे सगळ्यांना माहीत आहे: नेटवरून उतरवलेलं, स्पायरल बाइंडिंग केलेलं, झेरॉक्सच्या दुकानात तयार मिळणारं. त्यापेक्षा इतिहासाच्या पोरांनी जबाब घ्यावे, अर्थशास्त्राच्या पोरांनी हिशेब काढावा, मराठीच्या पोरांनी बाजाराची भाषा लिहून ठेवावी, वनस्पतिशास्त्राच्या पोरांनी रानभाज्यांची यादी करावी. मोबाइल प्रत्येकाकडे आहे, रेकॉर्डरचं बटण दाबायचं. तीन महिन्यांत जे उभं राहील ते समितीच्या टेबलावर ठेवता येईल. नाही ऐकलं तर कोर्टातही ठेवता येईल.

घाई का, तेही सांगतो. १९७० ला पंचविशीची असलेली बाई आज ऐंशीची आहे. पन्नास वर्षांच्या बाजाराचा साक्षीदार म्हणजे तीच. ती गेली की पन्नास वर्षं तिच्यासोबत गेली. मग कोणी विचारलं "हा बाजार कधीपासूनचा?" तर आपण म्हणू "लय जुना आहे जी." कायद्यात "लय जुना" असा शब्द नाही.

मला गंज परत आणायचा नाही. बंड्या परत येणार नाहीत, धान आता केंद्रावर जातो. बाजाराला चांगलं छत हवं, नळ हवा, बायांसाठी संडास हवा, कचऱ्याची गाडी दुपारी यायला हवी. सुधारणेला विरोध करणारा मी नाही. पण सुधारणा त्याच जागी, त्याच माणसांसह व्हावी. नाहीतर सुधारलेल्या ठिकाणी गाळे होतात, गाळ्यांचा लिलाव होतो, आणि ज्यांच्या नावाने सगळं केलं ती मावशी परत फुटपाथवर, यावेळी दोन चौक पलीकडे.

तेव्हा दोन विनंत्या.

कॉलेजात शिकवणाऱ्या मित्रांनो, या सत्रात एक तुकडी बाजारात पाठवा. शंभर पोरं नकोत, दहा पुरेत. मी स्वतः सोबत येईन, मुलाखत कशी घ्यायची ते माझ्या धंद्याचंच काम आहे.

आणि तुम्ही वाचणारे. घरात कोणी आजी-आजोबा असतील, ज्यांनी गंजात धान विकलं, हमाली केली, दुकान टाकलं किंवा नुसता लहानपणी बापाचं बोट धरून बाजार केला, त्यांना आज रात्री जेवताना विचारा. जे सांगतील ते खाली लिहा. साल आठवत नसेल तर खूण लिहा: छोटी गाडी होती तेव्हा, गडचिरोली जिल्हा वेगळा झाला त्याच्या आधी (तो २६ ऑगस्ट १९८२), थर्मल पॉवर यायच्या आधी. खुणेवरून साल काढता येतं.

जुनी बाजार चिठ्ठी सापडली तर फेकू नका. फोटो काढून पाठवा. दहा पैशांची ती चिठ्ठी उद्या कोणाची तरी जागा वाचवेल.